सर्जिओ अरागोनेसची सही घ्यायचीय, पण अंकाला भोक आहे. नेऊ का?

ज्ञाना_नाशिककर

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

तर झालंय असं की यंदा सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनचा (कॉमिक्सवाल्यांची मोठी जत्रा) बॅज, म्हणजे प्रवेशाचा पास, लागला. लागला म्हणजे अक्षरशः लॉटरीच, ऑनलाइन वेटिंग रूममध्ये ते चक्र फिरत बसतं आणि आपण रिफ्रेश न करता देवाचं नाव घेत बसायचं, बायको म्हणाली रेल्वेच्या तत्काळपेक्षा वाईट आहे हे. शनिवारचा एक दिवस मिळाला. मी फिनिक्सला असतो, म्हणजे साडेपाच-सहा तासांचं ड्रायव्हिंग आणि मग तिथली गर्दी.

मला सिनेमावाले, ट्रेलर, हॉल एचबाहेर रात्रभर पथारी टाकणं यातलं काहीही नकोय. एकाच माणसाला भेटायचंय, सर्जिओ अरागोनेस. ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी, मॅड या अमेरिकन विनोदी मासिकात पानाच्या समासात जी मुंगीएवढी चित्रं असायची ना, कोपऱ्यात, दोन रकान्यांच्या मध्ये, कधी उभी कधी आडवी, ती काढणारा माणूस. १९६३ पासून काढतोय.

आता माझं प्रकरण. आमच्याकडे नाशिकला रविवार कारंजाच्या मागे एक रद्दीचं दुकान होतं, ९०-९१ ची गोष्ट. तिथे देवळाली कॅम्पातल्या कुठल्यातरी साहेबाच्या घरची रद्दी यायची आणि त्यात इंग्रजी मासिकं. मी मराठी शाळेतला, पाचवीला इंग्रजी नुकतं सुरू झालेलं, धडा वाचताना घाम फुटायचा. मॅडमधलं मला एक अक्षर कळत नव्हतं. पण समासातली चित्रं कळायची, कारण त्यात अक्षरच नाही. मी तीन रुपयांना एक अंक आणला (मुखपृष्ठावर पेन्सिलीने ३ लिहिलेलं अजून आहे) आणि फक्त समास वाचला. आख्खा अंक सोडून फक्त समास. कितीतरी वेळा.

आणि मग माती खाल्ली. त्यातलं एक चित्र इतकं आवडलं की ब्लेडने कापून कंपासपेटीच्या झाकणावर आतून चिकटवलं. त्यामुळे अंकाच्या मधल्या एका पानाला बोटभर लांबीचं भोक आहे. मुखपृष्ठ सुटलंय, कडा पिवळ्या पडल्यात, आणि वास तर विचारू नका.

घरात सर्जिओचं २०१० साली निघालेलं पाच दशकांच्या निवडक कामाचं जाडजूड पुस्तकही आहे, कोरं करकरीत. प्रश्न असे की सहीला काय नेऊ, पुस्तक की तो भोकवाला अंक? ज्याने काढलं त्याच्याच समोर त्याचं कापलेलं चित्र ठेवणं म्हणजे अपमान वाटेल का? पैसे लागतात का, किती? आणि समोर गेल्यावर बोलायचं काय? ऑफिसात दिवसभर इंग्रजीच बोलतो हो, पण अशा ठिकाणी माझी जीभ पाचवीत जाते.

भटकभवानी

स्वागत ज्ञाना! अर्व्हाइनला राहते, सहा वेळा जाऊन आलेय त्यामुळे थोडं ज्ञान पाजळते.

शनिवार मिळालाय ना, मग तू नशीबवान आहेस, कारण क्विक ड्रॉचा कार्यक्रम शनिवारी असतो. मार्क इव्हॅनियर (सर्जिओच्या ग्रू या कॉमिकचे संवाद लिहितो तोच) माइक घेऊन उभा राहतो, दोन-तीन चित्रकार टेबलावर कागद घेऊन बसतात, वर कॅमेरा, मागे मोठा पडदा, आणि प्रेक्षक काहीतरी अचाट विषय ओरडतात. सर्जिओचं चित्र तुमचा विषय ओरडून होईपर्यंत अर्धं झालेलं असतं. खोटं नाही सांगत. जगातला सगळ्यात वेगवान व्यंगचित्रकार म्हणतात त्याला, ते मला आधी जाहिरातीसारखं वाटायचं, पडद्यावर तो पेन बघितला आणि गप्प बसले. सही नाही मिळाली तरी हे चुकवू नकोस.

सहीचे दोन रस्ते. एक, वरच्या मजल्यावर सेल्स पॅव्हिलियनमध्ये अधिकृत सह्यांची जागा आहे, तिथे ठरलेल्या वेळी टेबलं लागतात. दुसरा, खालच्या मोठ्या हॉलमध्ये चित्रकाराचं स्वतःचं टेबल नाहीतर प्रकाशकाचा बूथ. कार्यक्रमपत्रिका साधारण दोन आठवडे आधी साइटवर येते, ती आली की नाव सर्च कर आणि वेळ कागदावर लिहून ठेव, फोनवर नाही, कारण आत लाखभर लोकांचे फोन चालू असतात आणि नेटवर्क मान टाकतं.

पैशाचं म्हणशील तर प्रत्येकाचं वेगळं. जुन्या पिढीतले बरेच जण सही फुकट देतात, चित्र काढून हवं असेल तर पैसे. टेबलावर पाटी असतेच, ती वाचायची, घासाघीस करायची नाही (आपल्या एका बंधूंना मी करताना पाहिलंय, जमिनीने मला पोटात घ्यावं असं झालं). हीरो इनिशिएटिव्ह नावाची संस्था आहे, म्हाताऱ्या, आजारी, अडचणीतल्या कॉमिक्सवाल्यांना मदत करते, तिचा डबा दिसला तर त्यात टाक काहीतरी. या लोकांना पेन्शन-बिन्शन काही नसते रे.

बूट चांगले घाल. खायला घरून ने, आतला थंडगार पिझ्झा दहा जणांच्या रांगेत उभं राहून खायच्या लायकीचा नाही. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते.

नऊ_पॉइंट_आठ

धागाकर्त्याला कळकळीची विनंती, तो फाटका अंक नेऊ नका. रागावू नका पण संग्राहक म्हणून बोलतो. फाटक्या, कापलेल्या अंकावर सही घेतली तर बाजारात त्याची किंमत शून्य. पुस्तक न्या.

आणि खरंच जपून ठेवायचं असेल तर एखादा बरा जुना अंक विकत घ्या आणि सीजीसीच्या (कॉमिक्स तपासून ग्रेड देणारी कंपनी) साक्षीदारासमोर सही घ्या. त्यांचा माणूस सही होताना प्रत्यक्ष बघतो, मग अंक प्लास्टिकच्या डबीत बंद होतो, दहापैकी ग्रेड मिळते आणि पिवळं लेबल लागतं. साक्षीदाराशिवाय घेतलेली सही म्हणजे त्यांच्या लेखी कव्हरवर कुणीतरी पेनाने रेघोट्या मारल्यात, बास. तुम्ही स्वतः समोर उभे होतात याला काही किंमत नाही.

पेन स्वतःचं न्या. गडद कव्हरवर चंदेरी पेंट मार्कर, फिक्यावर काळा शार्पी. आतल्या रद्दी कागदावर शार्पी चालवू नका, मागच्या दोन पानांवर उतरतो. सही झाली की दोन मिनिटं उघडं धरा, लगेच पिशवीत कोंबलं की शाई पुसते. पाठीमागे पुठ्ठा ठेवा.

शाईची_बाटली

वरच्या प्रतिसादातलं पेन, पुठ्ठा, वाळवणं सगळं बरोबर. पहिल्या वाक्याशी मात्र शंभर टक्के असहमत.

मी टेबलाच्या पलीकडून बोलतेय. कोणी मोठी चित्रकार वगैरे नाही, पण गोरेगावच्या एक्झिबिशन सेंटरला मुंबई कॉमिक-कॉन व्हायचं तेव्हा तीन वर्षं आर्टिस्ट ॲलीत (चित्रकार आपापली टेबलं लावतात तो भाग) टेबल लावलंय, मी आणि मैत्रीण, अर्धं अर्धं भाडं. तिथे बसल्यावर माणसं हातावरून ओळखू यायला लागतात. कोरी प्रत प्लास्टिकमधून दोन बोटांनी काढून, इथेच करा, नाव लिहू नका, म्हणणारा विकणार आहे हे कळतं. करू देत, त्याचा धंदा आहे, मी सही करते आणि विसरते. पण एक मुलगी माझं पहिलं झेरॉक्स काढून स्टेपल केलेलं पुस्तक घेऊन आली होती, चाळीस रुपयांचं, त्यावर चहाचा गोल डाग आणि मागच्या पानावर कुणाचा तरी दुधाचा हिशोब लिहिलेला. मी तो हिशोब वाचत बसले. अर्धा लिटर, एक लिटर, खाडा, अर्धा लिटर. म्हणजे माझं पुस्तक कुणाच्यातरी फ्रिजवर पडून होतं महिनाभर! सांगायला लाज वाटत नाही, मी त्या रात्री घरी जाऊन रडले.

तर भोकवाला अंकच ने. त्याने ते चित्र छापलं जाण्यासाठी काढलं, छापून झाल्यावर त्याचं काय होतं हे चित्रकाराला कधी कळत नाही. रद्दीत जातं एवढंच माहीत असतं. रद्दीनंतरचं तू सांगू शकतोस.

बाकी दोन गोष्टी. एक म्हणजे लांबलचक भाषण पाठ करून जाऊ नकोस, मागे रांग असते आणि पलीकडचा माणूस सकाळपासून तेच वाक्य ऐकत असतो (तुमच्यामुळे माझं बालपण इत्यादी). एकच नेमकी गोष्ट सांग. दुसरं म्हणजे नाव चिठ्ठीवर लिहून ने, मोठ्या अक्षरात. तुझं नाव ज्ञानेश किंवा ज्ञानेश्वर असणार असा माझा अंदाज आहे आणि 'ज्ञ'चं स्पेलिंग अमेरिकन माणसाला तोंडी सांगायला गेलास तर रांग पार्किंगपर्यंत जाईल.

उगाच_एक

सही घेऊन करणार काय? बँकेत चालते का?

ज्ञाना_नाशिककर

@उगाच_एक, बँकेत माझीच चालत नाही, दर वेळी जुळत नाही म्हणून परत पाठवतात.

@शाईची_बाटली, ज्ञानेशच. दुधाचा हिशोब भारी.

एबीसी_चौक

वा, धागा वाचून अप्पा बळवंत चौकातले फुटपाथ आठवले. ज्ञानाभाऊ, तुम्ही जीभ पाचवीत जाते म्हणालात म्हणून एक किस्सा सांगतो, सर्जिओने स्वतःच सांगितलेला आहे.

हा माणूस जन्माने स्पेनचा, १९३७ चा. तिथल्या यादवी युद्धामुळे घरच्यांना देश सोडावा लागला, आधी फ्रान्स, मग मेक्सिको. मेक्सिकोत आर्किटेक्चर शिकत होता आणि सोबत मूकाभिनय, म्हणजे पँटोमाइम, तोही होडोरोव्स्की या पुढे सिनेमा दिग्दर्शक म्हणून गाजलेल्या माणसाच्या हाताखाली. हे लक्षात ठेवा, कारण समासातली ती बिनशब्दांची चित्रं आहेत ना, तो सगळा मूकाभिनयच आहे, फक्त शाईत. १९६२ ला न्यूयॉर्कला आला तेव्हा खिशात वीस डॉलर आणि काखोटीला चित्रांची चळत. मॅडच्या ऑफिसात गेला खरा, पण इंग्रजीची बोंब. म्हणून त्याने विचार केला की इथे कोणी स्पॅनिश नावाचा माणूस असेल तर तो दुभाषा होईल, आणि अंतोनियो प्रोहियासला बोलवा म्हणाला. प्रोहियास म्हणजे मॅडमधली स्पाय व्हर्सेस स्पाय ही चित्रमालिका काढणारा, क्यूबातून कॅस्ट्रोच्या तावडीतून निसटून आलेला. गंमत अशी की प्रोहियासला याच्याहून कमी इंग्रजी येत होतं! त्याने मोठ्या प्रेमाने आत नेलं आणि संपादकांना कसंबसं सांगितलं की हा सर्जिओ, मेक्सिकोहून आलेला माझा भाऊ. झालं, संपादक काही वेळ त्याला सर्जिओ प्रोहियास समजत होते.

तर असा माणूस आहे. त्याच्यासमोर इंग्रजी अडखळलं तर लाजायचं कारण नाही, त्याचं आख्खं करिअर त्याच अडखळण्यावर उभं आहे.

अवांतर: आपल्याकडे हे कोणी केलं तर शि. द. फडणीसांनी. ती मोहिनीच्या मुखपृष्ठावरची साडीवर उंदरांची नक्षी आणि शेजारच्याच्या शर्टावर मांजरं, तिथे एक शब्द नाही. हसरी गॅलरीत मी माणसं एकटी एकटी भिंतीसमोर उभी राहून हसताना पाहिलीत. मला कायम वाटत आलंय की फडणीस आणि अरागोनेस एका टेबलावर बसले असते तर दोघांना दुभाषा लागलाच नसता. फरक एवढाच की फडणीसांचं चित्र निवांत असतं, रंग बघत बसावं असं, आणि अरागोनेसचं म्हणजे तुम्ही पान उलटता उलटता डोळ्याच्या कोपऱ्यातून कोणीतरी धडपडलेलं दिसतं.

सुप्पंडीचा_मामा

एबीसी_चौक, फडणीसांबद्दल अनुमोदन.

ज्ञाना, माझं ऐक, जा आणि भेट. पुढच्या वर्षी म्हणू नकोस. मी दिल्लीला नोकरीला होतो. २०११ च्या फेब्रुवारीत भारतातलं पहिलं कॉमिक-कॉन दिल्ली हाटला झालं, तिथे अनंत पैंना जीवनगौरव दिला. मी त्या दिवशी कामावर होतो, म्हटलं पै अंकल काय मुंबईचेच, घरी गेलो की कधीतरी गाठू. २४ फेब्रुवारीला ते गेले. आठवडासुद्धा झाला नव्हता.

बरं यातून शहाणा झालो का? नाही. प्राणसाहेबांचं तेच केलं. चाचा चौधरीचा एक अंक कायम बॅगेत, सहीसाठी म्हणून, आणि दर वर्षी काहीतरी कारण, कधी ऑडिट, कधी मुलीची परीक्षा, कधी नुसता कंटाळा. ५ ऑगस्ट २०१४ ला ते गेले, बातमी आली तेव्हा मी मेट्रोत होतो आणि अंक बॅगेतच होता. राम वाईरकर तर त्याच्या किती आधी गेले, माझ्या आयडीत ज्याचं नाव आहे तो सुप्पंडी त्यांनी चितारला आणि मला त्यांचा चेहरासुद्धा ते गेल्यावर फोटोत दिसला.

तर भोक असू दे नाहीतर बीळ असू दे. जा.

नऊ_पॉइंट_आठ

ठीक आहे, बहुमत फाटक्याच्या बाजूने दिसतंय. निदान मायलार पिशवीत घालून न्या हो, त्या कागदाला घाम लागला तर उरलेलंही जाईल.

ज्ञाना_नाशिककर

आलो परत. उशीर झाला कारण सोमवारी ऑफिस आणि पाय सुजलेले.

दोन्ही नेलं होतं, पुस्तकही आणि अंकही, मायलारमध्ये, पुठ्ठा लावून (@नऊ_पॉइंट_आठ, तुमच्यामुळे अंक वाचला, सांगतो पुढे). पहाटे दोनला फिनिक्सहून निघालो, गाडी मिशन व्हॅलीत लावून ट्रॉली पकडली, आणि ट्रॉलीत माझ्याशेजारी एक संपूर्ण पुठ्ठ्याचा रोबो उभा होता ज्याला बसता येत नव्हतं, बिचारा प्रत्येक स्टेशनला सॉरी सॉरी करत होता.

क्विक ड्रॉ बघितलं. भवानीताई, तुम्ही कमी सांगितलं. पेन कागदावरून उचललेलंच दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे खोडरबर नाही, विचार करायला थांबणं नाही. विषय ऐकून आधी तो स्वतःशीच हसतो, मिशी हलते, आणि मग हात सुटतो. मी आख्खा वेळ तोंड उघडं ठेवून बसलो होतो असं शेजारचा म्हणाला.

मग सहीची रांग. दीड तास. पुढे एक टेक्सासचा काका होता, त्याच्याकडे ग्रूचे अंक, मार्व्हलने एपिकमधून १२० काढले होते ना, त्यातले निम्मे तरी असतील, ट्रॉलीबॅगेत. त्याने मला सांगितलं की प्रत्येक अंकात कुठेतरी एक लपवलेला संदेश असतो आणि त्याला तीन अंकांतला अजून सापडलेला नाही, वीस वर्षं शोधतोय. म्हटलं आता समोर आहे तर विचार की. काका असा दचकला जणू मी परीक्षेत पेपर फोडायला सांगितलं.

माझ्या मागच्या मुलाच्या हातात कोक होता आणि तो सांडला. थेट माझ्या पिशवीवर. पुस्तकाची पुठ्ठ्याची कड भिजली, अंक मायलारमध्ये होता म्हणून कोरडा राहिला. म्हणजे बाजारात किंमत असलेली वस्तू गेली आणि शून्य किंमतवाली वाचली, याला काय म्हणायचं ते संग्राहकांनी ठरवावं.

टेबलापाशी एक स्वयंसेवक बाई होत्या, एका माणसाची एकच वस्तू, असं त्यांनी जाहीर केलं. प्रश्न सुटला. भिजलेलं पुस्तक काय देणार, अंकच पुढे केला. चिठ्ठी वर चिकटवलेली होती. त्याने आधी चिठ्ठी वाचली. डी. एन. वाय. मग माझ्याकडे पाहिलं, परत चिठ्ठीकडे, भुवया वर. मी मान हलवली, म्हणजे हो, असंच आहे. खांदे उडवून त्याने एकेक अक्षर काढायला घेतलं, लिहायला नाही, काढायला, जसं आपण चिनी अक्षर काढू तसं.

आता इथे मी ते एक नेमकं वाक्य बोलणार होतो. शाईताई, तुमच्या सल्ल्याप्रमाणे गाडीत सहा तास घोकलं होतं, की मला इंग्रजी येत नव्हतं आणि या अंकात मला फक्त तुम्ही कळत होतात. त्याने पान उलटून ते भोक बघितलं आणि माझ्या डोक्यातलं वाक्य साफ पुसलं गेलं. मी नुसती हाताने कात्री दाखवली. ब्लेड होतं खरं तर, पण ब्लेड कसं दाखवणार. मग छातीवर हात ठेवला, मी, आणि हात गुडघ्याएवढ्या उंचीवर नेला, लहान होतो. मग डबीचं झाकण उघडून चिकटवल्याची ॲक्शन केली. आख्ख्या कॉन्व्हेन्शन सेंटरमध्ये माझ्यासारखं इंग्रजी रोज आठ तास बोलणारा माणूस खाणाखुणा करत उभा!

त्याने सगळं नीट बघितलं, मला मध्ये तोडलं नाही. मग पान उभं धरलं, भोकातून करंगळी घातली आणि माझ्या बाजूने ती हलवली. नमस्कार केल्यासारखी दोनदा वाकवली. बास. स्वयंसेवक बाई हसल्या, टेक्सासचा काका बाजूला उभा होता तोही हसला, आणि मी थँक यू सर म्हणालो, नंतर मोजलं तर चार वेळा. सही मुखपृष्ठावर आहे, त्या पेन्सिलीच्या तीनच्या शेजारी. तीन त्याने पुसला नाही, त्याला वळसा घालून सही केलीय.

काकाला फोटो काढायला फोन दिला होता. त्यात एका परीचा डावा पंख फोकसमध्ये आहे आणि मागे माझा कान.

पुस्तक बाल्कनीत वाळतंय. ग्रू जे विचारतो तेच विचारतो मी, माझं काही चुकलं का?

शाईची_बाटली

करंगळी!!! मी इथे लोकलमध्ये एकटी हसतेय, समोरच्या काकू बघतायत.

नऊ_पॉइंट_आठ

सही वाळू दिलीत ना? पुस्तकाच्या ओल्या पानांमध्ये टिश्यू पेपर घाला आणि वर वजन ठेवा, उन्हात वाळवू नका, फिनिक्सच्या उन्हात पानं पापडासारखी होतील. आणि अंक विकणार असाल तर मला आधी विचारा. हो, मीच म्हणालो होतो शून्य किंमत. माहितीये.

सुप्पंडीचा_मामा

ती कंपासपेटी कुठाय पण?

ज्ञाना_नाशिककर

@नऊ_पॉइंट_आठ, बाल्कनीतून आत घेतलं पुस्तक. अंक विकणार नाही.

@मामा, काल हाच प्रश्न मलाही पडला म्हणून आईला फोन केला. म्हणाली आहे की, देवघराखालच्या खणात, त्यात मी सुया आणि ब्लाउजची हुकं ठेवते. व्हॉट्सॲपवर झाकणाचा फोटो पाठवायला सांगितला तर आधी तीन फोटो हुकांचे आले. मग झाकण. कागद तपकिरी झालाय, डिंकाचे डाग, आणि चित्रातला माणूस जवळजवळ पुसलाय, एक बूट आणि त्यामागची धुळीची रेघ तेवढी दिसतेय. पळत होता कुठेतरी. आईचं म्हणणं होतं की खरवडून काढू का, तसंही घाण दिसतं.

नको म्हटलं.

भटकभवानी

ज्ञाना, मिशन व्हॅलीत गाडीचे किती घेतले रे दिवसाचे? पुढच्या वेळी आम्हीपण तिथेच लावू म्हणतोय.